नाशिकच्या सिडकोकडचा प्राण्यांचा दवाखाना, आणि भुरीचा दाखला

दवाखान्याचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. डॉक्टर मॅडमनीच सांगितलं की लिहायचं तर लिहा पण नाव नको, मागे कोणीतरी असंच कौतुक करून लिहिलं तर पंधरा दिवसात तीन कुत्री रात्रीतून शटरला बांधून लोक निघून गेले आणि एकदा मांजरीच्या पिल्लांचं खोकं पायरीवर. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी मला मेसेज करा, पत्ता देतो.

आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये भुरी नावाची कुत्री आहे, गल्लीतलीच, चार-पाच वर्षांची असेल. नसबंदी झालेली, एक कान कापलेला म्हणजे तशी खूण केलेली, कोणाला कधी चावली नाही. मी अंबडला कंपनीत आहे, त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट करून चारच्या सुमारास घरी आलो तर वॉचमन मामा खालीच उभे, म्हणाले दादा लवकर या, भुरीवर वरच्या गॅलरीतून कोणीतरी गरम पाणी टाकलंय. कोणीतरी म्हणजे कोण ते सगळ्यांनी बघितलं होतं, भाड्याने राहणारा एक माणूस, आधी दोन-तीनदा म्हणाला पण होता की एक दिवस हिला बघतोच. ती गाडीखाली घुसली होती आणि जो आवाज काढत होती तो मी लिहू शकत नाही.

आता रिव्ह्यू इथून सुरू. मी फोन लावला तर पहिल्या दोन रिंगला उचलला नाही, दुपारी ४ ते ५ त्यांचं बंद असतं, तिसऱ्यांदा कंपाउंडर दादांनी उचलला आणि पत्ता-फी काही न विचारता पहिला प्रश्न, पाणी टाकून किती वेळ झाला. मी म्हटलं तासभर पण नाही झाला. मग त्यांनी फोनवरच सांगितलं की बर्फ लावू नका, हळद नाही, टूथपेस्ट नाही, तूप नाही, नळाचं साधं पाणी मगाने हळूहळू वीस मिनिटं टाकत रहा आणि मग स्वच्छ सुती कपडा ओला करून त्यात गुंडाळून आणा, आणि तोंडाला आधी पट्टी बांधा, दुखत असलं की आपलं कुत्रं पण चावतं. आमच्या मजल्यावरच्या काकू तोवर हळदीचा डबा घेऊन खाली आल्या होत्या. चांगल्या मनानेच आल्या होत्या, पण तो फोन झाला नसता तर आम्ही हळद फासली असती.

दोन रिक्षावाल्यांनी नाही म्हटलं. तिसरा थांबला, सीटवर गोणपाट टाकलं आणि परत येताना पैसे पण घेतले नाहीत. त्या दादांचं नाव विचारायचं राहिलं याचं आजही वाईट वाटतं.

दवाखाना म्हणजे दोन गाळे. बाहेर बाकडं, आत एक टेबल, एक वजनकाटा, आतल्या बाजूला चार पिंजरे. एक्सरे नाही, त्याला दुसरीकडे पाठवतात. रात्रभर ठेवायची सोय नाही, आणि ही मोठी कमी आहे, कारण भुरीला मला रोज न्यावं-आणावं लागलं आणि शिफ्ट बदलली त्या आठवड्यात माझ्या बायकोने ओढलं सगळं. एक स्टार त्यासाठीच कमी करतोय.

पण काम बघा. मॅडमनी आधी दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, आणि ती शांत झाल्यावर मग केस काढायला घेतले. मला वाटलं होतं पाठीवर थोडंसं भाजलंय. त्या म्हणाल्या, केसांमुळे आज कळत नाही, गरम पाणी केसात अडकून कातडीला धरून राहतं, तीन-चार दिवसांनी बघा कुठपर्यंत आहे ते. आणि तसंच झालं, चौथ्या दिवशी मानेपासून डाव्या खांद्यापर्यंत कातडी सुटली. आधीच सांगितलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही, नाहीतर मी डॉक्टर बदलला असता. २६ दिवस ड्रेसिंग चाललं, भाजल्यावर लावायचं पांढरं मलम, गळ्यात प्लास्टिकची कॉलर, आणि माशी बसू नये म्हणून कपडा, कारण एकदा माशी बसली की किडे पडतात आणि मग सगळं मुळापासून सुरू. गल्लीतलं जनावर असेल तर फी निम्मी, औषधाचे पैसे पूर्ण. माझे सगळे मिळून ६,८०० गेले, प्रत्येक वेळी पावती मिळाली.

मुद्द्याचं आता सांगतो, ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो.

पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, तक्रार करणार का? मी म्हटलं करणार. मग त्यांनी केस काढायच्या आधी आणि नंतर फोटो काढले, शेजारी मोजपट्टी धरून, आणि लेटरहेडवर दाखला लिहून दिला. तारीख, वेळ, जनावराचं वर्णन, जखम कशामुळे झालेली दिसते, शरीराचा साधारण किती भाग, खाली सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर. त्याचे पैसे घेतले नाहीत. मी तो घेऊन चौकीत गेलो. नाव लिहित नाही, तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं पण एनसी घेतली, म्हणजे अदखलपात्र, ज्यात कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलिस तपास करत नाहीत. का, तर १९६० चा जो प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याबद्दलचा कायदा आहे त्यात कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. हो, पन्नास, आणि पहिल्या वेळेला जेल नाहीच. तीन वर्षांच्या आत परत केलं तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. ६० साली पन्नास रुपये म्हणजे रक्कम असेल, आज आमच्या इथे दोन मिसळ पण येत नाहीत. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने जलिकट्टूच्या निकालात सांगितलं होतं की संसदेने ही शिक्षा वाढवावी, २०२२ ला दुरुस्तीचा मसुदा पण लोकांसमोर आला आणि त्यात भयंकर प्रकारांना तीन वर्षांपर्यंत कैद होती, पण कायद्यातला आकडा अजून तोच.

मी चिडून मॅडमकडे आलो आणि तिथे मला पहिल्यांदा कळलं की दुसरा रस्ता आहे. आधी आयपीसीमध्ये, म्हणजे जुन्या दंड संहितेत, कलम ४२८ आणि ४२९ होतं, तिथे जनावराची किंमत बघायचे, दहा रुपये, पन्नास रुपये असं, आणि गल्लीतल्या कुत्र्याची किंमत कोण सांगणार. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात कलम ३२५, जनावर मारलं, विष घातलं, अपंग केलं किंवा निकामी केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि किंमतीची अट काढून टाकली. गुन्हा दखलपात्र. म्हणजे जखम भरून आली तर पन्नास रुपये आणि कायमचं नुकसान झालं तर पाच वर्षांपर्यंत, आणि मधे काही नाही. जनावराला त्या दिवशी जे भोगावं लागलं ते दोन्हीकडे सारखंच की.

भुरीच्या डाव्या डोळ्यात पण पाणी गेलं होतं. मॅडम रोज थेंब टाकायच्या, रोज टॉर्च मारून बघायच्या, पण बुबुळ पांढरं होत गेलं आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांनी दुसरा दाखला दिला, डाव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली आहे. तो कागद आणि पहिला कागद एकत्र जोडून मी गेलो, वॉचमन मामा साक्षीला आले, आणि त्या दिवशी ३२५ लागलं. जामीनपात्र आहे म्हणून माणूस त्याच संध्याकाळी घरी होता. केस चालू आहे. पण लिफ्टमध्ये भेटला की आता खाली बघतो आणि गॅलरीत बादली घेऊन परत कोणी उभं राहिलं नाही, एवढा फरक मी डोळ्याने बघितलाय.

ह्यावरून घरात, बिल्डिंगमध्ये बरंच झालं. काकू म्हणाल्या, अरे बाईमाणसाला जाळलं तरी वर्षानुवर्षं निकाल लागत नाही आणि तू कुत्रीसाठी माणसाला आत टाकायला निघालास, त्याला लहान मुलं आहेत. त्यांचं ऐकून मी दोन दिवस विचार केला, खोटं सांगत नाही. पण मला पटत नाही. माणसाची केस रेंगाळते म्हणून जनावराची घ्यायचीच नाही, ह्याने माणसाची केस लवकर लागणार आहे का? आणि मुलं होती ना घरात, त्यांच्यासमोरच पातेलं उकळलं, गॅलरीपर्यंत नेलं, ती झोपलेली असताना वरून ओतलं. रागाच्या भरात लाथ बसली ती गोष्ट वेगळी. पाणी उकळायला दहा मिनिटं लागतात, दहा मिनिटांत माणूस थांबू शकतो.

म्हणून माझं मत, मुद्दाम केलेल्याला जेल पाहिजे. महिनाभर का होईना, पण पाहिजे. पाच हजार दंड केला तर तो भरून मोकळा होईल आणि मित्रांना सांगेल की पाच हजारात काम झालं.

सगळ्यांना मात्र नको, हे पण तेवढंच मनापासून. माझे मामा निफाडकडे शेती करतात, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात, तूप-हळद लावून बैलाचा खांदा चोळताना त्यांच्याशी बोललं तरी त्यांना ऐकू येत नाही इतके त्यात असतात. त्याच मामांनी एका वर्षी खांदेसूज असताना बैल दोन दिवस औताला जुंपला होता, कारण पाऊस तोंडावर आणि पेरणी राहिलेली. बैलाला त्रास झालाच, तो कमी धरायचा नाही. पण मामांना जेलमध्ये टाकून त्या बैलाला काय मिळालं असतं? तिथे जनावरांचा डॉक्टर गावात वेळेवर यायला पाहिजे, दोन दिवस भाड्याने ट्रॅक्टर परवडला पाहिजे.

आणि नायलॉन मांजा कुठे बसवायचा ते मला अजून ठरवता येत नाही. संक्रांतीच्या आठवड्यात आम्ही बाकड्यावर नंबर लावून बसलो होतो तेव्हा एक मुलगा रुमालात घार घेऊन आला, पंख हाडापर्यंत कापलेला, मांजा अजून गुंतलेला. मॅडमनी आमचा नंबर थांबवून ती आधी घेतली, कोणी कुरकुर केली नाही. उडवणाऱ्याने घार मारायची म्हणून उडवला नसणार. पण हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, आपल्याकडे आणि येवल्याला दरवर्षी पोलिस सांगतात, गळे कापून माणसं गेली, तरीही जो रीळ विकतो त्याला सगळं माहीत असतं. विकणाऱ्याला तरी मी सोडणार नाही.

कुत्र्यांचा त्रास होतच नाही असं मी म्हणत नाही. माझ्या भाचीला नाशिकरोडला कुत्रं चावलंय, तिची सगळी इंजेक्शनं मीच नेऊन दिली, रात्री कामावरून येताना मागे लागतात ते पण माहितीये. त्याला नसबंदी आणि रेबीजची लस आहे, महापालिकेकडे पाठपुरावा करा, मी पण येतो सोबत. उकळतं पाणी टाकून एकही कुत्रं कमी होत नाही.

जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. सकाळी ११ च्या आत जा, संध्याकाळी तासभर थांबावं लागतं. गाडी समोर लावू नका, शेजारचा दुकानदार भांडतो. कॅश ठेवा, ऑनलाईन पेमेंट कधी चालतं कधी नाही. जुनी चादर आणि तोंडाला बांधायला लांब पट्टी घरूनच न्या. आणि मारहाण, भाजणं, विष असं काही असेल तर तुम्ही ज्या दवाखान्यात जाल तिथे पहिल्याच दिवशी दाखला मागा, जखम धुवायच्या आधी फोटो काढा, कारण १९६० च्या कायद्याखाली गुन्ह्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल नाही झाला तर मग होत नाही. जनावर मेलं असेल तर पुरू नका, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून पोस्टमॉर्टेम करून घ्या, विष होतं का नाही ते नुसतं बघून कोर्टात सांगता येत नाही.

पाचपैकी चार स्टार. भुरी पार्किंगमध्येच आहे, केस परत आलेत, मानेवर टक्कल राहिलं. डाव्या बाजूने गेलं की दचकते, म्हणून आम्ही सगळे आता उजवीकडून जातो आणि लांबूनच हाक मारतो. पुढच्या तारखेला मॅडम स्वतः दवाखाना बंद ठेवून साक्षीला येणार आहेत.