खोक्यावर १२०, पडद्यावर ६०: बर्डीत टीव्ही घेताना झालेली फसवणूक

नागपुरात प्लेस्टेशन या गेमिंग कन्सोलसाठी नवा टीव्ही घ्यायला निघालेल्यांनी पैसे मोजण्याआधी हे वाचावं. बर्डीतल्या एका मोठ्या दुकानात मला ६० हर्ट्झचा टीव्ही १२० हर्ट्झचा म्हणून विकला गेला. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, त्यामुळे दुकानाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. पण ज्या लेबलांच्या आधारे हे झालं, तीच लेबलं शहरभर लागलेली दिसतात.

आमच्या घरी पीएस४, म्हणजे प्लेस्टेशन ४, बरीच वर्षं होता. मी आणि धाकट्या भावानं मिळून पीएस५ घेतला आणि मग ठरलं की जुना फुल एचडी टीव्हीही बदलायचा. सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे भावही जरा आवाक्यात आले होते. पीएस५ ४के मध्ये, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांत, सेकंदाला १२० फ्रेमपर्यंत (फ्रेम म्हणजे एकेक चित्र) पाठवू शकतो. ते दिसायला टीव्हीचं पॅनेल, म्हणजे खुद्द पडदा, मुळात १२० हर्ट्झचं हवं आणि कन्सोलची केबल लागते त्या एचडीएमआयच्या पोर्टमध्येही तेवढी क्षमता हवी. म्हणून दुकानात शिरल्यावर माझा पहिला प्रश्न तोच होता.

५५ इंची टीव्हीवर मोठं स्टिकर होतं: ४के, एचडीआर, एचडीएमआय २.१, १२० हर्ट्झ. मी सेल्समनला स्पष्ट विचारलं, पॅनेल १२० चं आहे की हालचाल सफाईदार दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा नुसता मोशनचा आकडा आहे? तो म्हणाला, "भाऊ, पॅनेलच एकशेवीसचं आहे, मी सांगून राहिलो ना. गेमिंगवाले हाच नेऊन राहिले." रात्री व्हॉट्सअ‍ॅपवरही मी पुन्हा विचारलं. "हो, ट्रू १२०" असं त्याचं उत्तर आलं. तो मेसेज आज माझ्या कामी येतोय.

टीव्ही घरी लागला, पीएस५ जोडला. सेटिंग्जमध्ये 'स्क्रीन आणि व्हिडिओ'मध्ये जोडलेल्या टीव्हीची माहिती देणारं एक पान आहे. टीव्ही कोणत्या रिझोल्यूशनला किती हर्ट्झ घेतो, एचडीआर घेतो की नाही, हे कन्सोल थेट टीव्हीलाच विचारून तिथे दाखवतो. ४के समोर फक्त ६० होतं. १२० दिसत होतं ते १०८०पी, म्हणजे फुल एचडी, समोर.

दुकानात फोन केला तर आधी केबल बदला, मग दुसऱ्या पोर्टला लावा, मग सॉफ्टवेअर अपडेट करा. केबल पीएस५ च्या खोक्यातलीच होती, पोर्ट सगळे लावून झाले होते. शेवटी त्यांचा माणूस घरी आला. त्यानं कन्सोल १०८०पी वर आणला, १२० चा सिग्नल चालू केला आणि टीव्हीच्या कोपऱ्यात उमटलेला १२० चा आकडा बाबांना दाखवून म्हणाला, "हे पाहा काका, आलं ना एकशेवीस?" बाबांनी मान डोलावली. तो निघून गेला.

खरी मेख इथेच आहे. ६० हर्ट्झचे कितीतरी टीव्ही १०८०पी मध्ये १२० चा सिग्नल स्वीकारतात. काही त्यातल्या निम्म्या फ्रेम टाकून देतात, काही पॅनेलच्या दोन-दोन ओळी एकत्र चालवून उभं रिझोल्यूशन निम्मं करतात. आकडा दोन्हीकडे १२० चाच उमटतो. आमच्या टीव्हीत नेमकं काय चाललंय हे पाहायला मी १२० फ्रेमचा मोड असलेला एक कार रेसिंगचा गेम लावला आणि फोनच्या २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये पडदा शूट केला. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला. पॅनेल खरोखर १२० चं असेल तर फोनच्या दर दुसऱ्या फ्रेमला चित्र बदलायला हवं. आमच्याकडे रस्त्याकडेचा खांब तीन फ्रेम जागचा हलत नव्हता, चौथ्या फ्रेमला उडी मारून पुढे जात होता. २४० भागिले ४, म्हणजे ६०. हा व्हिडिओ कुणालाही काढता येतो, आणि त्यापुढे सेल्समनचं बोलणं चालत नाही.

एचडीआरचीही, म्हणजे लख्ख उजेड आणि गडद अंधार यांतला फरक जास्त दाखवणाऱ्या चित्राचीही, तीच गत. खोक्यावर एचडीआर१० लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ टीव्ही तो सिग्नल ओळखतो, एवढाच. तो उजेड पडद्यावर काढायची ताकद पॅनेलमध्ये आहे की नाही, याबद्दल ते लेबल काही सांगत नाही. २०१६ मध्ये आलेल्या 'अल्ट्रा एचडी प्रीमियम' या मानांकनात एलसीडी टीव्हीचा सर्वाधिक उजेड किमान १००० निट्स (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) असण्याची अट होती. स्वस्त टीव्ही ३०० निट्सच्या आसपास अडकतात. पीएस५ मध्ये एचडीआर जुळवताना एक चिन्ह दिसेनासं होईपर्यंत उजेड वाढवत न्यावा लागतो. आमच्याकडे बटण थोडंसं दाबताच ते चिन्ह पांढऱ्या रंगात विरून गेलं. मग गेममध्ये दिव्याची ज्योत आणि मागची भिंत सारख्याच फिक्या दिसतात, आणि अंधारातला काळा रंग राखाडी होतो. अशा टीव्हीवर एचडीआर बंद ठेवलं तर चित्र बरं दिसतं. इतके पैसे मोजून ते बंद करून ठेवावं लागतं, याचा मला आजही संताप येतो.

'एचडीएमआय २.१' या लेबलावर तर विसंबूच नका. एचडीएमआयचे परवाने देणाऱ्या संस्थेनंच डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं की २.० ही वेगळी आवृत्ती आता राहिली नाही, आणि २.१ मधल्या नव्या सोयी ऐच्छिक आहेत. म्हणजे ४के १२० नाही, व्हीआरआर (कन्सोलच्या फ्रेमप्रमाणे पडद्याचा वेग बदलण्याची सोय) नाही, अशा टीव्हीवरही २.१ लिहिता येतं. जुन्या पोर्टची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट, नव्याची ४८ पर्यंत. आपल्या पोर्टची किती, हे त्या लेबलावरून कळत नाही.

पुन्हा दुकानात गेलो तर मालकानं दोष कन्सोलवरच ढकलला. म्हणे साध्या पीएस५ मध्ये दम नाही, प्रो न्या, मग चित्र पाहा. काउंटरखालून त्यानं पीएस५ प्रो काढलाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रो जगात विक्रीला आला तेव्हा सोनीनं तो भारतात आणला नव्हता, कारण त्यातल्या वाय-फायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा इथे खुला नव्हता. मला दाखवलेला पीस बाहेरून आणलेला होता. खोक्यावर ना आयातदाराचं नाव, ना एमआरपी. वॉरंटीचं विचारलं तर "आमची वॉरंटी" म्हणाला. आणि ६० हर्ट्झच्या पॅनेलला प्रो जोडला म्हणून ते १२० चं होणार आहे का?

मग नव्या कन्सोलनं चित्र सुधारतं की नाही? सुधारतं, मी रोज पाहतोय. पीएस४ वर ३० फ्रेमनं चालणारे बरेच गेम पीएस५ वर ६० नं चालतात. हा फरक सगळ्यात मोठा आहे आणि तो साध्या ६० हर्ट्झच्या टीव्हीवरही पुरेपूर मिळतो. ४के चा फायदा मात्र बसण्याच्या अंतरावर आहे. ५५ इंची पडद्यापासून सात फुटांपलीकडे बसलात तर नॉर्मल नजरेला फुल एचडी आणि ४के मधला बारीक तपशील वेगळा करता येत नाही. आमचा सोफा त्याहून मागे आहे. खऱ्या १२० च्या पॅनेलची मजा मित्राकडे, त्रिमूर्ती नगरला पाहिली. तिथे ४० फ्रेमचा मोड चालतो. १२० ला ४० नं नि:शेष भाग जातो, ६० ला जात नाही, म्हणून हे मोड १२० च्या टीव्हीवरच मिळतात. तपशील ३० फ्रेमच्या मोडसारखा आणि हालचाल कितीतरी सफाईदार. मला हेच हवं होतं आणि याचेच पैसे मी दिले होते.

तेव्हा टीव्ही घ्यायला जाताना आपला कन्सोल पिशवीत घालून न्या. दुकानातल्या डेमोचं चित्र पाहू नका, ते पेनड्राइव्हवरचे निवडक व्हिडिओ असतात आणि टीव्ही भडक मोडवर ठेवलेला असतो. आपला कन्सोल जोडून ते माहितीचं पान उघडा आणि ४के समोर १२० दिसतंय का ते बघा. जो दुकानदार जोडू देत नाही, तिथून सरळ निघा. दिसलं तर बिलावर पूर्ण मॉडेल नंबर आणि 'पॅनेल १२० हर्ट्झ' असं लिहून शिक्का मारून घ्या. मला मिळालेल्या बिलावर नुसतं '५५ इंच एलईडी' एवढंच आहे.

ज्यांना आधीच असा टीव्ही गळ्यात मारलाय त्यांनी गप्प बसू नये. मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगून विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे भागलं नाही तर जिल्हा आयोगात तक्रार करता येते. ऑनलाइन दाखल होते, वकील लागतोच असं नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. मी बिल, स्टिकरचा फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचा तो मेसेज, कन्सोलच्या पानाचा फोटो आणि स्लो-मोशनचा व्हिडिओ जोडलाय. आयोगाची नोटीस गेल्यावर दुकानातून फोन आला, थोडे पैसे परत देतो, तक्रार मागे घ्या म्हणून. मी नाही म्हटलं. टीव्ही परत न्या आणि पूर्ण रक्कम द्या, ही माझी मागणी कायम आहे. निकाल लागला की इथेच कळवीन.