राजधानीत अकरा महिने की वर्गातूनच धोरण?
इंदूरमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या आम्हा मराठी शिक्षकांना शैक्षणिक धोरणात वाटा हवा असेल, तर दोन नमुने विचारात घेण्याजोगे आहेत. अमेरिकेतील अल्बर्ट आइनस्टाइन फेलोशिपमध्ये, जिला १९९४ च्या कायद्याचा आधार आहे, विज्ञान-गणिताचे अनुभवी शालेय शिक्षक अकरा महिने वॉशिंग्टनमधील संघीय विभागांत किंवा संसद सदस्यांच्या कार्यालयांत काम करतात.

दुसरा नमुना आमच्याच मध्य प्रदेशातला. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ साली १६ शाळांत सुरू झाला, १९७८ मध्ये जिल्हाभर पोहोचला, आणि त्यात शिक्षकाला वर्ग सोडावा लागला नाही: प्रयोग करून पाहणे, मासिक बैठकीत अडचणी मांडणे, त्यांतून पाठ्यपुस्तक सुधारणे हे सारे शाळा सांभाळूनच होई. मात्र २००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला आणि शिक्षकांचा तीस वर्षांचा अनुभव तो निर्णय थांबवू शकला नाही. निर्णय जिथे होतात तिथे शिक्षकाला नेणाऱ्या फेलोशिपचे महत्त्व इथेच जाणवते.

मला होशंगाबादची पद्धत अधिक सखोल वाटते. पण तिच्यात घडलेल्या शिक्षकाला वर्षभर भोपाळ किंवा दिल्लीत काम करता यावे आणि त्या काळात त्याच्या वर्गाला बदली शिक्षक मिळावा.