आधी अवयव, मग भागाकार: काही महिन्यांच्या वापरानंतर

गुणोत्तरीय बैजिक राशींचा, म्हणजे अंश आणि छेद दोन्हींत बहुपदी असलेल्या अपूर्णांकांचा, भागाकार मी गेले काही महिने एकाच शिस्तीने करते आहे. समोर कितीही सोपं उदाहरण असो, अंश आणि छेद यांचे अवयव पाडल्याशिवाय बाकी कशालाही हात लावायचा नाही. माझ्या वहीतही हेच, आणि ज्या मुलांना शिकवते त्यांच्या वहीतही हेच. पद्धत नवी नाही, शाळेत सगळ्यांनाच सांगितली जाते. पण ती सलग पाळून पाहिली की तिचं खरं बळ कळतं. वेळ थोडाफार वाचतो, पण माझ्या लेखी मुख्य फायदा वेगळा आहे: राशी कोणत्या किंमतींना निरर्थक होते, ते पहिल्या दोन ओळींतच दिसतं.

हे उदाहरण घ्या:

(क्ष² − ९)/(क्ष² + ५क्ष + ६) ÷ (क्ष² − ६क्ष + ९)/(क्ष² − ४)

अवयव पाडले की:

(क्ष − ३)(क्ष + ३)/[(क्ष + २)(क्ष + ३)] ÷ (क्ष − ३)²/[(क्ष − २)(क्ष + २)]

आता इथे थांबायचं. दुसरी राशी उलटी करण्याआधी चालणार नाहीत अशा किंमती लिहून काढायच्या. पहिल्या छेदामुळे −२ आणि −३ गेल्या. दुसऱ्या छेदामुळे २ आणि −२ गेल्या. शिवाय आपण दुसऱ्या राशीने भागतो आहोत, म्हणून तिचा अंशही शून्य होता कामा नये, ३ गेली. त्यानंतर खुशाल उलटं करा, गुणा, काट मारा. उत्तर येतं (क्ष − २)/(क्ष − ३).

या उत्तरात फक्त ३ ची अडचण दिसते. −३, −२ आणि २ या तिघांचा मागमूसही उरत नाही. सगळ्यात फसवी २ आहे. उत्तरात २ घातली तर निमूटपणे ० मिळतं, आणि मूळ मांडणीत मात्र २ ला भाजकाचा छेदच शून्य असतो. आलेख काढला तर क्ष = ३ ला उभी अनंतस्पर्शी रेषा (आलेख जिच्या जवळ जात राहतो पण जिला टेकत नाही ती) येते, आणि (−३, ५/६), (−२, ४/५), (२, ०) या तीन ठिकाणी आलेखात भोकं पडतात. उलटं करून गुणण्याची घाई केली की ही भोकं कायमची झाकली जातात. म्हणून किंमतींची ओळ उलटं करण्याच्या आधी लिहावी, हा माझा आग्रह दिवसेंदिवस पक्का होत गेला आहे.

पडताळ्यासाठी मी क्ष = १० घेते, आणि ही सवय मला फार आवडते. वरच्या उदाहरणात ९१/१५६ ÷ ४९/९६ मिळतं. ९१ म्हणजे ७ × १३, १५६ म्हणजे १२ × १३. काटला जाणारा तो १३ म्हणजेच आपला क्ष + ३. शेवटी ८/७ येतं, आणि उत्तरात १० घातली तरी ८/७. मुलांना इथे अवयव संख्यांमध्ये चालताना दिसतात. ० किंवा १ घेऊ नये, कारण तिथे क्ष आणि क्ष² सारखेच होतात आणि चूक लपते. एका किंमतीला जुळलं म्हणजे सिद्ध झालं असंही नाही. शंका वाटली तर आणखी एक किंमत घालावी.

बेरजेतली पदं काटण्याचा मोह याच पडताळ्याने सुटतो. (क्ष² + ६)/(क्ष² + २) मधला क्ष² उडवून ३ लिहिणाऱ्याला १० घालायला सांगा. १०६/१०२ हे ३ च्या जवळपासही नाही. काट फक्त गुणाकारातल्या अवयवांना मारता येते, आणि अवयव पाडलेले असले की कंसच ते सांगतात.

चिन्हांचं थोडक्यात: ५ − क्ष दिसलं की लगेच −(क्ष − ५) लिहावं. मग (क्ष² − २५)/(५ − क्ष) चं −(क्ष + ५) होतं, अर्थात क्ष ५ नसताना.

आता उणी बाजू. सहगुणक मोठे झाले की मधल्या पदाची फोड करणं कंटाळवाणं होतं. (१२क्ष² − क्ष − ३५)/(६क्ष² + क्ष − १५) इथे वर −४२० चे आणि खाली −९० चे जोडीदार शोधत बसावं लागतं. अशा वेळी मी शिस्त थोडी वाकवते आणि युक्लिडच्या रीतीने मसावि काढते. अंशातून छेदाची दुप्पट वजा केली की −३क्ष − ५ उरतं. दोन्ही राशींना भागणारा अवयव या बाकीलाही भागणारच, म्हणजे सामाईक अवयव असलाच तर तो ३क्ष + ५. छेद (३क्ष + ५)(२क्ष − ३) आहे आणि अंश (३क्ष + ५)(४क्ष − ७). उत्तर (४क्ष − ७)/(२क्ष − ३). एका वजाबाकीत काम झालं! ही वाट मुलांना इतक्या उशिरा का दाखवतात, याची मला खरोखर हळहळ वाटते.

दुसरी अडचण म्हणजे कुठे थांबायचं ते न कळणं. क्ष³ − ८ चे (क्ष − २)(क्ष² + २क्ष + ४) केले की काही जण त्या त्रिपदीच्या मागे लागतात. तिचा विवेचक (अक्ष² + बक्ष + क साठी ब² − ४अक) ४ − १६ = −१२, म्हणजे ऋण, म्हणजे वास्तव संख्यांत ती आणखी फुटत नाही. ती कंसासकट तशीच ठेवावी. छेदात तीच त्रिपदी असेल तर अख्खी काटली जाईल.

ज्यांची वर्ग त्रिपदीची फोड अजून अडखळते, त्यांनी भागाकाराला हात लावण्याआधी नुसत्या अवयवांवर काही आठवडे घालवावेत. तो हात बसला नसेल तर ही पद्धत जाचक वाटते, आणि दोष विनाकारण भागाकाराला दिला जातो. ज्यांना पुढे सीमा आणि कलन शिकायचं आहे, त्यांनी मात्र किंमतींची ती ओळ कधीही गाळू नये. आपल्या पहिल्या उदाहरणात क्ष = २ ला किंमतच नाही, तरीही सीमा (क्ष २ च्या जवळ जाताना राशी जिकडे झुकते ती किंमत) ० आहे, हे तिथे पहिल्याच धड्यात लागतं.