दोन उन्हाळे काढलेला गेमिंग संगणक

२०२३ च्या नोव्हेंबरात, पहिल्या वेच्याचा कापूस विकून झाल्यावर, धाकट्या भावाच्या हट्टापायी आणि थोडेसे स्वतःच्याही हौसेपायी मी सुटे भाग आणून एक गेमिंग संगणक जोडला. मॉनिटर आणि यूपीएस वगळून ५५ हजारांच्या आत बसवायचे ठरले होते आणि शेवटचा हिशेब ५२,३०० रुपयांवर थांबला. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात त्याने आता दोन उन्हाळे काढले असल्यामुळे कोणता भाग पैशाला जागला आणि कोणता नाही हे सांगता येते. गावात मी सेवा केंद्र चालवतो, त्यामुळे दाखले छापणाऱ्या संगणकांची दुरुस्ती अंगवळणी पडलेली आहे. गेमिंगचा संगणक मात्र हा पहिलाच, आणि त्याने मला भागांचा क्रम उलटा लावायला शिकवले. खरेदीपूर्वी पाहिलेल्या सगळ्या व्हिडिओंमध्ये आधी गेमची चित्रे काढणारे ग्राफिक्स कार्ड ठरवून उरलेल्या पैशात एसएमपीएस, म्हणजे भागांना वीज पुरवणारा डबा, आणि कॅबिनेट बसवलेले होते. आमच्याकडची वीज आणि आमच्याकडचा मे महिना पाहता आधी एसएमपीएस, यूपीएस आणि कॅबिनेट ठरवावे आणि मग कार्डाकडे वळावे, असे माझे मत झाले आहे.

सुरुवात चुकीनेच झाली. नागपूरच्या ज्या दुकानातून मी बहुतेक भाग घेतले, तिथे कॅबिनेटबरोबर ४५० वॅटचा एसएमपीएस फुकट मिळत होता. मी वेगळ्या एसएमपीएसची चौकशी केल्यावर दुकानदार म्हणाले, "भाऊ, कायले अलग पैसे लावता? कॅबिनेटसंग फुकट भेटून राह्यला ना!" मलाही ते पटले, कारण ४८ हजारांत डबा पूर्ण होत होता. घरी आणून जोडल्यावर दुपारी सगळे सुरळीत चालले. संध्याकाळी सातनंतर मात्र गेम रंगात आला की संगणक एकदम बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. शेजारच्या पिठाच्या गिरणीची मोटर सुरू होताना आमच्या घरातला बल्ब क्षणभर मंद होतो, हे लहानपणापासून पाहत आलो आहे. तो मंद होणे आणि संगणक बसणे एकाच वेळी घडते, हे लक्षात यायला मला आठ दिवस लागले. मल्टिमीटर लावून पाहिले तेव्हा सॉकेटमध्ये १७४ व्होल्ट होते.

मग मी तो फुकटचा एसएमपीएस बाहेर काढून त्याचे लेबल नीट वाचले, जे विकत घेण्यापूर्वी वाचायला हवे होते. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट असले तरी १२ व्होल्टच्या ओळीपुढे १६ अँपिअर लिहिलेले होते, म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर ज्या ओळीवर चालतात त्या ओळीवर हा डबा फक्त १९२ वॅट देत होता. आमचे आरएक्स ६६०० कार्ड एकटेच १३२ वॅटपर्यंत घेते आणि रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर जोर लावल्यावर ७६ वॅटपर्यंत जातो. दोघांची बेरीज २०८ होते आणि पंखे, डिस्क वगैरे अजून मोजलेलेच नाहीत. त्याच लेबलवर इनपुटच्या रकान्यात २०० ते २४० व्होल्ट असेही छापलेले होते. ज्या घरात संध्याकाळी १७४ व्होल्ट येतात, त्या घरासाठी हे यंत्र मुळात बनवलेलेच नव्हते.

पंधरा दिवसांनी ४,३०० रुपयांत ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ मानांकनाचा एसएमपीएस घेतला. त्याच्या लेबलवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट आहे आणि १२ व्होल्टच्या ओळीवर ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॅट. त्या दिवसापासून गिरणीमुळे संगणक बसलेला नाही. दुकानात उभे राहून हे दोन आकडे वाचायला अर्धा मिनिट लागतो आणि ते वाचू न देणाऱ्या दुकानात पैसे देऊ नयेत. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते एवढेच सांगतो. इनपुटचा पल्ला प्रत्येक मॉडेलला वेगळा असतो आणि चांगल्या नावाच्या डब्यांतही २०० ते २४० वाले सापडतात, म्हणून शिक्क्यावर विसंबून चालत नाही.

यूपीएसच्या बाबतीतही मी आधी काटकसर केली. सेवा केंद्रातला जुना ६०० व्हीएचा यूपीएस लावून पाहिला. तो प्रत्यक्षात ३६० वॅटचा असतो. गेम चालू असताना आमचा संगणक मॉनिटरसह २७० वॅटच्या आसपास घेतो, तेव्हा कागदावर तो पुरायला हवा होता, पण बॅटरी जुनी असल्याने वीज जाताच तो एक शिट्टी मारून गप्प बसत असे. नंतर घेतलेला १००० व्हीएचा, म्हणजे ६०० वॅटचा यूपीएस नवा असताना आठ-नऊ मिनिटे टिकायचा, आता चार मिनिटे टिकतो, आणि तेवढ्यात गेम सेव्ह करून संगणक रीतसर बंद करता येतो. त्याचा खरा उपयोग मात्र वीज असताना होतो, कारण १४५ ते २९० व्होल्टच्या दरम्यान तो बॅटरीला हात न लावता व्होल्टेज सांभाळून घेतो. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचे बटण यूपीएसच्या बाजूला आहे की नाही ते पाहावे. दुसऱ्या बाजूला असेल तर वीज गेल्यावर इन्व्हर्टर जागा व्हायला जो क्षण लागतो, त्यात पंखा फिरतच राहतो पण संगणक बंद पडतो.

अर्थिंगविषयी चार ओळी लिहिणे भाग आहे, कारण व्हिडिओत याचा उल्लेखही नसतो. पहिल्या आठवड्यात कॅबिनेटला हात लावला की बोटांना झिणझिण्या येत होत्या आणि आम्ही एसएमपीएसला दोष देत होतो. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधले कपॅसिटर थोडी वीज अर्थच्या तारेत सोडतात. सॉकेटची तिसरी पीन कुठेच जोडलेली नसेल तर ती वीज कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन बसते. आमच्या सॉकेटमागे ती तार नुसती लोंबकळत होती. न्हाणीघरामागच्या ओलाव्याच्या जागेत खड्डा करून, पाइप पुरून, कोळसा आणि मीठ भरून अर्थिंग केले आणि झिणझिण्या त्याच दिवशी थांबल्या.

आता उन्हाळा. मे महिन्यात यवतमाळ, अकोला, चंद्रपूर या पट्ट्यात पारा ४५ च्या आसपास फिरतो आणि आमच्या खोलीवर टिनाचे पत्रे असल्याने कूलर बंद असताना आत ३९ अंश मोजले आहेत. संगणकाचा पंखा खोलीतलीच हवा भागांवर सोडतो, त्यामुळे खोली जितकी तापते तितकेच आतले भागही वर सरकतात. २५ अंशांच्या खोलीत केलेल्या चाचणीत १४ मिळवूनच आम्ही वाचावे. प्रोसेसरबरोबर आलेल्या कूलरवर पहिल्या मे महिन्यात ८८ अंश दिसले आणि या प्रोसेसरची मर्यादा ९० अंशांची आहे. नवा कूलर न घेता दोन उपाय केले. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला १२० मिलिमीटरचे दोन पंखे आधीपासून होते, त्यांचा वेग वाढवला, आणि गेममध्ये सेकंदाला ६० फ्रेमची मर्यादा घातली. आमचा मॉनिटर १०० हर्ट्झचा असला तरी मे महिन्यापुरते ६० वर भागते, आणि त्या मर्यादेने कार्डाची वीज १३२ वॅटवरून ९० च्या खाली येते. दुसरा मे ८० च्या आत निघाला.

म्हणूनच काचेच्या तोंडाचे आणि रंगीत दिव्यांचे कॅबिनेट सोडून जाळीच्या तोंडाचे घेतले याचे समाधान वाटते. भाऊ महिनाभर रुसला होता ती गोष्ट वेगळी. पण जाळीचेही आमच्याकडे एक दुखणे आहे. डिसेंबर-जानेवारीत पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला असतो. संगणक आणला तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न केला होता, "कापूस ठेवाले जागा नाही अन् तू हा डब्बा कुठी ठेवतं रे?" शेवटी तो कापसाच्या खोलीला लागूनच ठेवावा लागला. दहा दिवसांनी पुढची जाळी काढली तर तिच्यावर रुईच्या तंतूंची पांढरी, सलग गादी जमली होती. बोटाने धरून ओढली तर ती गोधडीच्या अस्तरासारखी एका तुकड्यात निघून आली. कापूस घरात असेपर्यंत आम्ही ही जाळी दर आठवड्याला धुतो. चुंबकाने चिकटणारी, हाताने काढता येणारी जाळी नसलेले कॅबिनेट आमच्या भागात कोणी घेऊ नये. उन्हाळ्यात कूलरचा झोतही थेट डब्यावर येऊ देऊ नये, कारण वाळ्याच्या ताटीतून येणाऱ्या हवेबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात आणि आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार आहेत.

उरलेल्या भागांबद्दल फारशी तक्रार नाही. रायझन ५ ५६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर तेव्हा ११,८०० रुपयांना मिळाला आणि आमच्या गरजेपेक्षा तो सरसच ठरला. आणखी तंगी असती तर चार कोअरचा इंटेल आय३ १२१००एफ घेऊनही वाईट वाटले नसते. दुकानात ५६००जीचा आग्रह होता. त्यात अंगचे ग्राफिक्स असते, त्यामुळे कार्ड पुढच्या वर्षी घ्यायचे असेल तर तो योग्य. कार्ड आजच घ्यायचे असेल तर त्यात एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली वेगवान मेमरी, अर्धीच, १६ एमबी मिळते. मदरबोर्ड बी४५० चा, ६,२०० रुपयांचा. जुन्या साठ्यातला बी४५० हा प्रोसेसर ओळखत नाही, म्हणून बायोस, म्हणजे मदरबोर्डातले संगणक सुरू करणारे सॉफ्टवेअर, दुकानातच अद्ययावत करून, पडद्यावर चित्र आलेले पाहूनच पैसे दिले. यवतमाळहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर आहे आणि एवढ्यासाठी पुन्हा एसटीत बसायची माझी तयारी नव्हती.

कार्डासाठी २०,५०० रुपये गेले आणि १०८० पीवर भावाचे सगळे गेम ते चालवते. त्याहून स्वस्त आरएक्स ६५०० एक्सटी सुचवले गेले होते, पण त्यात मेमरी ४ जीबी असते आणि ते मदरबोर्डाशी फक्त चार लेननी, म्हणजे डेटाच्या चार वाटांनी, बोलते. बी४५० वरचा पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे कार्ड बसते तो जोड, तिसऱ्या पिढीचा असल्याने तिथे ते आणखी मंदावते. जुन्या बाजारात आरएक्स ५८० निम्म्याहून कमी पैशात मिळत होते. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग, म्हणजे कार्डे राबवून ते चलन मिळवणे, बंद पडल्यावर अशी राबवलेली कार्डे बाजारात खूप आली, आणि त्यातली काही तर २०४८एसपी म्हणजे नाव ५८० चे आणि गाभा ५७० चा अशी असतात. शिवाय ५८० ला १८५ वॅट लागतात, जे आमच्या खोलीच्या मे महिन्याला परवडणारे नाहीत.

रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या. लेबलवर ३२०० असले तरी बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला लेबलवरच्या वेगाने चालवणारी सोय, चालू करेपर्यंत ती २४०० वरच धावत होती. हे पहिल्याच दिवशी तपासावे. तेव्हा त्या जोडीला ३,४०० रुपये पडले होते, परंतु २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढले असल्याने आज कोणी हाच हिशेब धरून नागपूरला जाऊ नये.

बिल पक्के, १८ टक्के जीएसटीसह आणि प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर लिहिलेले घेतले होते. दोन वर्षांत एक पंखा घरघरू लागला, तो त्या बिलावर बदलून मिळाला.

चूक म्हणावी अशी शेवटची गोष्ट डिस्कची. २,७०० रुपये वाचवून ५०० जीबीची एनव्हीएमई, म्हणजे मदरबोर्डावर थेट बसणारी वेगवान डिस्क, घेतली. एकेक मोठा गेम १०० जीबीच्या आसपास जातो आणि रोज २ जीबी मिळणाऱ्या मोबाइल डेटावर तो उतरवायला ५० दिवस लागतील, म्हणून भाऊ यवतमाळच्या मित्राकडून गेम भरून आणतो आणि एकदा आणलेला गेम पुसायला त्याचे मन होत नाही. डिस्क केव्हाच भरली आहे. आमच्या मदरबोर्डावर अशा डिस्कची, म्हणजे एम.२ ची जागा एकच असल्याने आता दुसरी डिस्क साटाचीच, म्हणजे केबलने जोडायची, घ्यावी लागेल. तिचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो, पण गेम साठवून ठेवायला तो पुरतो.