गोल्फ जीटीआयमध्ये आयएस ३८ टर्बो: नऊ महिने, सात ट्रॅक डे

माझी गाडी सातव्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, मॅन्युअल गिअरबॉक्सची. कंपनीतून निघाली तेव्हा २२० पीएस ताकद आणि १५०० आरपीएमपासूनच ३५० न्यूटन-मीटर टॉर्क. रोज कामाला हीच नेतो आणि जमेल तेव्हा ट्रॅकवरही हीच. कंपनीतून आलेल्या छोट्या आयएस २० टर्बोबद्दल (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंप) ट्रॅकवरच्या पहिल्या दोन लॅपमध्ये माझी कधीच तक्रार नव्हती. तक्रार चौथ्या-पाचव्या लॅपला सुरू व्हायची. ५५०० आरपीएमच्या वर इंजिन आवाज करायचं, पण खेचायचं नाही. स्ट्रेटच्या शेवटी जिथे पहिल्या लॅपला पाचवा गिअर टाकायचो, तिथे सहाव्या लॅपला चौथ्यातच रेंगाळत असायचो.

याचं कारण समजून घेतल्याशिवाय पैसे घालायचे नाहीत असं ठरवलं होतं. लहान टर्बो लवकर फिरतो, म्हणून शहरात फार गोड वाटतो. पण वरच्या आरपीएमला त्याच्याकडून जास्त हवा मागितली की कंप्रेसर, म्हणजे टर्बोचा हवा दाबणारा भाग, आपल्या सोयीच्या पट्ट्यातून बाहेर जातो आणि हवा दाबण्यापेक्षा तापवण्याचंच काम जास्त करतो. मी वहीत गणित करून पाहिलं. बाहेर ३० अंश असताना हवा २.२ पट दाबली आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा साधारण १४० अंशांची होते. कार्यक्षमता ६० टक्क्यांवर आली की तोच दाब, पण हवा १५८ अंशांच्या आसपास. बूस्टचा, म्हणजे दाबलेल्या हवेच्या दाबाचा, काटा दोन्ही वेळा तेच दाखवणार. इंजिनाला मात्र दुसरी हवा पातळ मिळते, नॉक (मिश्रण आपोआप पेटून ठोके बसणं) व्हायला लागतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे घेतो. मोठ्या टर्बोकडे मी वळलो ते यासाठी. जास्तीत जास्त बूस्ट हवा होता म्हणून नाही.

आयएस ३८ निवडला कारण तो याच कुटुंबातला आहे. त्याच पिढीच्या गोल्फ आर आणि ऑडी एस३ मध्ये कंपनीच तो देत असे. या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर गोळा करणाऱ्या वाटा) सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असल्यामुळे टर्बो थेट हेडला बसतो आणि आयएस ३८ त्याच जागी बसतो. मॅप (ईसीयूचं ट्यूनिंग) मी मुद्दाम सौम्य करून घेतला. ३००० आरपीएमच्या खाली टॉर्क दाबून ठेवला, कारण डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात कमी आरपीएमला भरमसाट टॉर्क मागणं म्हणजे कनेक्टिंग रॉडवर सगळा भार टाकणं. दुसऱ्या गिअरमध्येही मर्यादा घातली, नाहीतर पुढची चाकं नुसती जागेवर फिरत राहतात. स्पार्क प्लग एक पायरी थंड घेतले आणि गॅप ०.६ मिलिमीटरवर आणली. दाब वाढला की ठिणगीला उडी मारणं जड जातं.

बसवताना मी स्वतः हजर होतो आणि एका गोष्टीवर अडून बसलो: ऑइलची फीड लाइन, गॅस्केट आणि वॉशर सगळे नवेच हवेत. पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी टर्बोच्या फीडच्या भोकात तेल ओतलं, इंधन बंद ठेवून स्टार्टर फिरवला, तेलाचा दाब आल्याची खात्री केली आणि मगच चालू केलं. मिनिटाला दीड लाखाच्या वर फेरे घेणारा शाफ्ट तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत असतो. तो पापुद्रा पहिल्या दोन सेकंदांत नसेल तर पुढची काळजी घेऊन उपयोग नाही.

रस्त्यावरचा फरक प्रामाणिकपणे सांगतो. २५०० च्या खाली गाडी पूर्वीपेक्षा सुस्त आहे. तिसऱ्या गिअरमध्ये ओव्हरटेक करायचं तर आता एक गिअर खाली यावं लागतं, पूर्वी नुसता पाय दाबला की काम व्हायचं. ३००० च्या पुढे मात्र ती एका दमात लाल रेषेपर्यंत जाते, आणि ही सलगता मला आजही दर वेळी सुखावते. हळू चालवली तर पेट्रोल जवळपास पूर्वीइतकंच लागतं.

आता ट्रॅक. जुन्या टर्बोवर माझा सर्वोत्तम लॅप १ मिनिट ३१.४ सेकंदांचा होता आणि सहावा १:३३.६. नवा टर्बो बसवून पहिल्याच दिवशी १:२९.६ आला. खूप आनंद झाला. त्याच सत्रातला सहावा लॅप १:३३.२ होता! म्हणजे इतकं सगळं करून सहाव्या लॅपला मला अर्धा सेकंदसुद्धा मिळाला नाही. घरी येऊन लॉग (ईसीयूतल्या नोंदी) उघडले. इनटेकच्या हवेचं तापमान पहिल्या लॅपला ३८ अंश, पाचव्याला ७१. टायमिंग पाच-सहा अंश मागे घेतलेलं. ऑइल १३८ अंशांवर. टर्बो त्याचं काम नीट करत होता, पण मूळ पातळ इंटरकूलर (टर्बोने तापवलेली हवा थंड करणारा रेडिएटर) एका लॅपमध्ये तापून बसायचा आणि पुढच्या लॅपपर्यंत थंडच व्हायचा नाही.

मोठा इंटरकूलर आणि जोडीला ऑइल कूलर बसवला. पुढच्या ट्रॅक डेला सर्वोत्तम लॅप १:२९.५, म्हणजे फरक शून्यच म्हणा. सहावा लॅप १:३०.३. इनटेक ५२ अंशांवर थांबला, ऑइल ११८. माझ्या मते या सगळ्या खर्चात जे विकत घेतलं ते हे तीन सेकंद. आज पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची झाली तर इंटरकूलर आणि ब्रेक आधी करीन, टर्बो नंतर. कारण जास्त वेगाने वळणाशी आलो की तीच उष्णता ब्रेकमध्ये उतरते. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक फ्लुइडचा उकळबिंदू नवं असताना किमान २३० अंश आणि ओलावा शोषल्यावर किमान १५५ असावा लागतो. हा फरक पेडल मऊ पडल्यावर पायाला कळतो, म्हणून मी आता दर दोन ट्रॅक डेनंतर फ्लुइड बदलतो. इंजिन ऑइलही तेव्हाच.

त्रासही झाला. क्लच तिसऱ्याच महिन्यात घसरायला लागला. चौथ्या गिअरमध्ये ३५०० ला पूर्ण दाबलं की आरपीएमचा काटा उडी मारायचा आणि वेग तिथेच. नव्या क्लचचं पेडल जड आहे, ट्रॅफिकमध्ये डावा पाय दुखतो. सुरुवातीला बूस्ट मागितलेल्यापेक्षा ०.२ बार वर उसळायचा. वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) इलेक्ट्रिक अ‍ॅक्च्युएटरच्या रॉडची लांबी नीट लावून अ‍ॅडॅप्टेशन (ईसीयूला नवी स्थिती शिकवणं) पुन्हा केलं, तेव्हा ते थांबलं. आणि चौथ्या ट्रॅक डेला स्ट्रेटवर फट्‌ असा आवाज झाला आणि गाडीतला जीवच गेला. पिटमध्ये बॉनेट उघडलं तर कंप्रेसरमधून निघणारी नळी सांध्यातून दोन बोटं बाहेर सरकलेली, आणि आतल्या काठावर तेलाचा पातळ थर. बसवताना ती पुसली गेली नव्हती. क्लॅम्प पूर्ण आवळलेला होता, पण तेलकट रबर बूस्टखाली कितीही आवळलं तरी सरकतं. फडक्यावर ब्रेक क्लीनर घेऊन दोन्ही बाजू कोरड्या खरखरीत होईपर्यंत पुसल्या, पुन्हा बसवलं. त्यानंतर ती नळी हललेली नाही. तरी प्रत्येक सत्रानंतर मी तिच्यावर मार्करने काढलेली रेघ जुळते आहे का ते बघतो.

शेवटचा लॅप आता मी बूस्ट न लावताच घेतो. पिटमध्ये येऊन इंजिन मिनिटभर चालू ठेवतो, बॉनेट उघडं. या टर्बोच्या बेअरिंगभोवती कूलंट फिरतं, तरी लालबुंद टर्बाइनशेजारी (एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाशेजारी) तेल थांबून राहिलं की जळून त्याचा कोळसा होतो, आणि तो फीडच्या बारीक वाटेत अडकतो.

मागच्या आठवड्यात, अकरा हजार किलोमीटर झाल्यावर, इनटेक पाइप काढून शाफ्ट बोटांत धरून पाहिला. बाजूला किंचित हलतो, तेवढं हलायलाच हवं, कारण इंजिन बंद असताना तेलाचा पापुद्रा नसतो. पुढे-मागे ओढून पाहिलं, काही जाणवलं नाही. पात्यांच्या कडा टॉर्चच्या उजेडात एकेक करून तपासल्या. घासल्याची खूण कुठेच नव्हती. पाइप पुसून परत लावला.