सूचीचं ईएडी करून घेतलं : एरर शून्य, पण तारखांचा घोळ (5 पैकी 3 स्टार)

आमच्या वाचनालयात गिरणी कामगारांची बरीच जुनी कागदपत्रं आहेत, त्यांची सूची सोलापुरातल्याच एका छोट्या टीमकडून ईएडीमधे करून घेतली, म्हणून लिहितोय. नाव घेत नाही, गावातलीच पोरं आहेत अन् पुढचे गठ्ठे पण त्यांनाच द्यायचेत.

ईएडी (एन्कोडेड आर्काइव्हल डिस्क्रिप्शन) मलापण आधी म्हाईत नव्हतं. कुठल्या गठ्ठ्यात काय, कुणाचं, कधीचं ही यादी एक्सएमएलच्या टॅगांत लिहायची, की मग कुठल्यापण सॉफ्टवेअरला वाचता येते. बर्कलीच्या युनिव्हर्सिटीत 1993 ला सुरू झालेलं काम, 1998 ला पहिलं व्हर्जन, मग 2002 चं, 2015 ला ईएडी3. आम्ही 2002 चंच घेतलं कारण आमच्या ॲटमला, म्हणजे जुन्या कागदांची सूची ठेवायच्या सॉफ्टवेअरला, तेच चालतं (ॲटम फुकट आहे, त्याबद्दल तक्रार नाही).

फाइल वेळेत आली, व्हॅलिडेटरमधे (टॅग नियमात बसतात का तपासणारा प्रोग्राम) टाकली, एकपण एरर नाही, मी खूश. मग ॲटममधे चढवून तारखेनं लावली तर युनियनची एक वही सगळ्यात वर, साल 1852! अहो तेव्हा मुंबईतपण कापडगिरणी निघाली नव्हती, सोलापूरचं तर सोडाच. वहीवर होतं शके 1852, म्हणजे 1930-31, आपल्याकडच्या मार्शल लॉच्या वेळचं, आणि टाइप करणाऱ्यानं तो आकडा तसाच नॉर्मल ॲट्रिब्यूटमधे (सॉफ्टवेअरनं वाचायची इसवी सनाची तारीख लिहायची जागा) ठोकला. व्हॅलिडेटरला काय, चार आकडी साल दिसलं की तो गप्प.

तिघांनी वाटून केलंय हे लगेच कळतं. एकजण तारीख युनिटटायटलमधेच (शीर्षकाचा टॅग) घालतो, दुसरा युनिटडेटमधे (तारखेचा टॅग) वेगळी, तिसरा दोन्हीकडं. गठ्ठ्याचा नंबर कंटेनरच्या टॅगमधे पायजे तर तो शीर्षकात. एकाची सिरीज (म्हणजे फाइलींचा गट) ती दुसऱ्याची फाइल. अन् कुठं शोलापूर कुठं सोलापूर, आता जुन्या कागदावर शोलापूर असेल तर शीर्षकात राहू दे की, पण जिऑगनेममधे (गावाच्या नावाचा टॅग) एकच नाव नको का, नाहीतर शोधणाऱ्याला अर्धाच माल सापडणार.

सांगितल्यावर वाद घातला नाही, हे मात्र मान्य. चहा घेत बसून एक पानभर नियम लिहिले, शके असेल तर दिसणाऱ्या मजकुरात शकेच ठेवायचं आणि नॉर्मलमधे 1930/1931, असं सगळं. हे पान पहिल्या दिवशी आम्ही द्यायचं होतं का त्यांनी मागायचं, यावर आमच्या कमिटीत अजून भांडण चालूय. माझं मत, पैसे घेतो त्यानं मागायचं. मोडी वाचता येत नाही हे त्यांनी आधीच सांगितलं, ते आवडलं, उगाच अंदाजपंचे काही टाकलं नाही.

तुम्ही देणार असाल तर आधी एकच गठ्ठा द्या, सॉफ्टवेअरमधे चढवून तारखेनं लावून बघा, मगच पुढचा ॲडव्हान्स. आमच्या दुसऱ्या खेपेत तारखा सगळ्या बरोबर आल्या, जिऑगनेममधे एक शोलापूर तेवढं परत निघालंच.