जुन्या आर्चटॉप गिटारसाठी केस आणि बॅग: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझी आर्चटॉप, म्हणजे कमानदार टॉपची (पुढच्या फळीची) गिटार 1950च्या दशकातली आहे. स्प्रूसमधून कोरलेला टॉप, मेपलची पाठ, नायट्रोसेल्युलोज लॅकर (लाकडावरचा चकचकीत लेप), 17 इंच रुंदी आणि पिकगार्डला (टॉपला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेल्या पट्टीला) बसवलेला पिकअप (तारांची कंपने टिपणारे उपकरण), असे तिचे स्वरूप आहे. गेले काही महिने तिच्यासाठी मी दोन गोष्टी आलटून पालटून वापरत आहे. एक आहे कमानदार झाकणाची प्लायवूडची हार्ड केस आणि दुसरी आहे पाठीवर घेता येणारी, कडांमध्ये ताठ पट्ट्या घातलेली जाड फोमची बॅग. दोन्ही वापरून झालेले माझे मत असे की, आर्चटॉपसाठी केस निवडताना फोम किती जाड आहे यापेक्षा गिटारचे वजन नेमके कुठे टेकते आणि ब्रिजवर (तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर) काय येते, हे आधी पाहावे.

याचे कारण या वाद्याच्या रचनेतच आहे. सपाट टॉपच्या अकूस्टिक गिटारवर ब्रिज चिकटवलेला आणि बुटका असतो; आर्चटॉपवर तो केवळ तारांच्या दाबाने उभा राहतो आणि टॉपपासून बराच उंच असतो. माझ्या गिटारच्या कडेची उंची सुमारे 86 मिलिमीटर आहे, पण पाठीच्या फुगवट्यापासून ब्रिजच्या माथ्यापर्यंत मोजले तर अंतर 145 मिलिमीटरच्या पुढे जाते. विक्रेते बहुधा फक्त बॉडीची रुंदी विचारतात. त्या मापावर 17 इंची जम्बो (मोठ्या, सपाट टॉपच्या) गिटारची केस बरोबर बसल्यासारखी वाटते, पण तिचे सपाट झाकण लावले की ब्रिजवर दाब येतो आणि तो दाब थेट टॉपमध्ये व टोन बारवर (टॉपला आतून चिकटवलेल्या लाकडी पट्ट्यांवर) उतरतो. सत्तर वर्षे तारांचा ताण सोसलेल्या टॉपवर असा जादा भार रोज येऊ देणे मला मुळीच मान्य नाही.

केस घरी आल्यावर मी पहिली तपासणी कागदाच्या पट्टीने केली. ब्रिजवर, तारांच्या वरून, पातळ कागदाची लांब पट्टी आडवी ठेवायची, तिचे टोक बाहेर राहील असे झाकण हळूच टेकवायचे, कड्या न लावता झाकण हाताने कडेशी दाबून धरायचे आणि पट्टी ओढून पाहायची. पट्टी कडेपाशीच अडकू नये म्हणून तेवढी जागा किंचित उघडी ठेवावी लागते. पट्टी सहज सरकली तर वर मोकळी जागा आहे. ब्रिजपाशी अडकली तर ती केस परत करावी. अस्तर दबून पुढे जागा होईल, या आशेवर राहू नये. माझ्या केसमध्ये पट्टी अगदी मोकळी निघाली. हीच तपासणी बॅगमध्ये केली तेव्हा पट्टी निघाली खरी, पण बॅगच्या दर्शनी खिशात स्वरलिपीची वही ठेवल्यावर ती अडकू लागली. तेव्हापासून त्या खिशात मी सुट्या तारा आणि कापडाशिवाय काहीही ठेवत नाही.

दुसरा प्रश्न नेकचा (गिटारच्या दांडीचा) आहे आणि माझ्या मते तोच सगळ्यात गंभीर आहे. त्या काळातल्या गिब्सन कंपनीच्या गिटारमध्ये हेडस्टॉक (नेकच्या टोकाचा, तारा ताणायचे ट्यूनर बसवलेला भाग) सुमारे 17 अंशांनी मागे कललेला असतो, आणि माझ्या गिटारची घडणही त्याच धर्तीची आहे. नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या) मागे ट्रस रॉडच्या (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या धातूच्या दांड्याच्या) पेचासाठी लाकूड कोरून काढलेले असते आणि हेडस्टॉकच्या कलामुळे तिथे लाकडाच्या रेषा आखूड होतात, म्हणून नेक मोडते ती बहुतेक वेळा तिथेच. गिटार पाठीवर पडली तर कललेला हेडस्टॉक आधी आपटतो. ती पुढच्या बाजूला पडली तर हेडस्टॉक कशालाही न लागता निव्वळ ट्यूनरच्या वजनाच्या झटक्यानेसुद्धा तुटू शकतो. त्यामुळे चांगल्या केसमध्ये आधार नेकला मिळायला हवा आणि हेडस्टॉक चारही बाजूंनी अधांतरी राहायला हवा. माझ्या केसमध्ये नेकची उशी योग्य जागी होती, पण थोडी बुटकी होती. नेक तिच्यावर टेकतच नव्हती. धुतलेल्या सुती कापडाची घडी घालून ती उंच केल्यावर गिटार केसमध्ये हलायची थांबली. बॅगमध्ये नेकभोवती वेल्क्रोचा पट्टा आहे आणि तळाशी एंडपिनसाठी (गिटारच्या खालच्या टोकाच्या खुंटीसाठी) खोबण असलेला फोमचा ठोकळा आहे. हा ठोकळा फार उपयोगाचा आहे, कारण बॅग उभी टेकवताना बसणारा धक्का एंडपिनवर न येता कडेवर विभागला जातो.

अस्तराबद्दल दोन शब्द. नायट्रोसेल्युलोज लॅकर विनाइलच्या आणि काही रबरांच्या सततच्या स्पर्शाने मऊ पडते, चिकट होते आणि त्यावर कायमचे डाग राहतात. म्हणून बॅगच्या नेक पट्ट्याची आतली बाजू मी मुद्दाम तपासली. ती कापडी आहे. तापमानाचा धोकाही याच लॅकरला आहे. थंडीतून आल्यावर केस लगेच उघडली तर लॅकरला बारीक तडे जाऊ शकतात, तेव्हा केस खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंदच ठेवावी. उन्हात उभ्या मोटारीत मात्र कोणतीही केस पुरेशी नाही, कारण त्या उष्णतेने जुन्या गिटारमधला सरस मऊ पडतो.

ओलाव्याच्या बाबतीत प्लायवूडची केस बॅगेपेक्षा निर्विवाद सरस ठरली. दोन्हींत मी हायग्रोमीटर ठेवून पाहिला. खोलीतली आर्द्रता झपाट्याने बदलली तरी केसमधला आकडा सावकाश सरकतो आणि आर्द्रता राखणाऱ्या पुड्या घातल्या की 45 ते 55 टक्क्यांच्या दरम्यान टिकतो. बॅगमध्ये आकडा थोड्याच वेळात खोलीच्या बरोबरीला येतो.

जुने पिकगार्ड सेल्युलॉइडचे असेल तर बंद केसचा एक तोटा आहे, आणि ज्यांच्याकडे 1930 ते 1950च्या दशकांतली गिटार आहे त्यांनी तो जरूर ध्यानात घ्यावा. सेल्युलॉइड विघटित होऊ लागले की त्यातून आम्लधर्मी वायू निघतात, आणि बंद जागेत ते साचून टेलपीस (तारांची खालची टोके अडकवायचा धातूचा भाग), ट्यूनर आणि तारा गंजवतात. शेजारचे बाइंडिंगही (कडांना लावलेली पट्टी) भुसभुशीत होते. केस उघडताच तिखट वास येणे आणि पिकगार्डजवळच्या धातूवर हिरवट थर दिसणे, ही त्याची लक्षणे. असे पिकगार्ड काढून वेगळे, हवेशीर ठेवावे.

गिटारबरोबर आलेली मूळ केस मी जपून ठेवली आहे, कारण वाद्याच्या इतिहासाचा तो भाग आहे. प्रवासाला मात्र ती नेत नाही. तिच्या बिजागऱ्या ढिल्या आहेत आणि मुठीची शिवण उसवत आली आहे.

वजनाचा विचार करता हार्ड केस जवळपास 5 किलोची आहे आणि गिटारसह ती हातात धरून लांब चालणे खांद्याला जड जाते. पायी जायचे असेल आणि वाद्य सतत माझ्याच पाठीवर राहणार असेल, तेव्हा मी बॅग घेतो. सामान दुसऱ्या कोणाच्या हाती जाणार असेल किंवा गाडीत इतर सामानाशेजारी गिटार ठेवायची असेल, तेव्हा केसच. बॅगची मुख्य चेन तळाच्या वळणावर आता अडखळू लागली आहे आणि तिचा धातूचा सरक गिटारच्या कडेपासून जेमतेम बोटभर अंतरावरून जातो. आतून चेनवर कापडी पट्टी शिवलेली असेल अशीच बॅग निवडावी. 18 इंची गिटारसाठी, म्हणजे 1934 साली आलेल्या गिब्सनच्या सुपर 400 या गिटारच्या मापाच्या वाद्यासाठी, ही बॅग अपुरी पडेल. तिथे बनवणाऱ्याला रुंदी, कडेची उंची, ब्रिजपाशी एकूण खोली आणि एंडपिनपासून हेडस्टॉकच्या टोकापर्यंतची लांबी अशी चारही मापे लेखी कळवूनच केस करून घ्यावी.